गप्प राहिलेला दूत

श्रीकांतदादा,

मला भीती वाटतेय, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. तालमीत तुम्ही म्हणायचात, सुरुवातीलाच अंग चोरलंस तर पुढचं सगळं चोरट्यासारखं होतं. म्हणून.

तुमचं गाव, शिक्षण, कंपनीतला हुद्दा, हॉलंडात या झूटरमेरमध्ये किती वर्षं काढलीत, हे सगळं मंडळाच्या या स्मृतिअंकात बाकीचे लिहितील. त्यांना ते नीट येतं. मी नववीतून शाळा सोडलेला, हेगच्या एका इंडियन रेस्टॉरंटात फोडण्या देणारा माणूस. मला तुमच्याशी एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. ती तुम्ही मला कुणाला सांगू नको म्हणाला होतात. मी नाही सांगितली. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. आणि तुमच्या मागे तीच गोष्ट तुमच्या लेकीसाठी, रेवासाठी सांगायची वेळ आली, तेव्हाही माझी जीभ टाळ्याला चिकटून बसली.

एकदम तिथं जाता येत नाही मला. नाटकापासून येतो.

आठवतं ना, दोन वर्षांपूर्वीचा गणपती. इथल्या मराठी मंडळाने आमच्या रेस्टॉरंटला दीडशे माणसांचं जेवण सांगितलं होतं आणि दोनशेच्या वर आली. मी आतून बाहेर आलो, रांगेसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, मसालेभात संपला. सगळा हॉल गप्प. लहान पोरं सुद्धा. आणि त्या शांततेत रिकामी प्लेट घेऊन उभा असलेला एक उंच माणूस खो खो हसायला लागला. मला वाटलं, आता तक्रार करणार. तुम्ही जवळ येऊन विचारलंत, "नाव काय तुझं?" मी म्हटलं, संतोष. "संतोष, अशी वाईट बातमी देणारा माणूस मी कधीपासून शोधतोय."

मी तुम्हाला सर म्हटलं तर तुम्ही वैतागलात. म्हणालात, ऑफिसात बावीस वर्षांची पोरंही मला नावाने हाक मारतात, तू सर कसला म्हणतोस. पण मला तुम्हाला नावाने हाक मारणं जमेना. शेवटी दादावर आलो.

हेगहून झूटरमेरला येणाऱ्या ट्राममध्ये तुम्ही मला ग्रीक नाटक समजावलंत. मी ते नावही ऐकलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, त्यांच्याकडे स्टेजवर कुणी मरत नाही. मरणं सगळी बाहेर होतात. मग एक माणूस धावत येतो आणि काय झालं ते सांगतो. राजा, राणी, गावातली म्हातारी माणसं, सगळी त्याच्या तोंडाकडे बघत असतात. तो दूत. मी म्हटलं, दादा, मला वाचायला वेळ लागतो. तुम्ही म्हणालात, "दूताला वाचायचं नसतं. सांगायचं असतं."

त्या पद्धतीचं नाटक तुम्ही स्वतः मराठीत लिहिलं होतं. समुद्राच्या पातळीखाली वसलेलं एक शहर. मी म्हटलं, म्हणजे आपण राहतो तेच की. तुम्ही म्हणालात, मग, लांब कशाला जायचं. त्या शहरात एक राजा. त्याने तट बांधून समुद्र अडवलेला. स्वतः चिखलात उतरून दगड उचललेले. लोक त्याच्यावर जीव टाकतात. पण तट उभा राहिल्यावर तो हुकूम काढतो, की तटाबद्दल वाईट कुणी बोलायचं नाही, त्याने लोकांचा धीर खचतो. पायाशी ओल आलीय सांगणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्याला तो हद्दपार करतो. बापाचं खरं करून दाखवायला युवराज तटाला लागून घर बांधून राहतो. दूत तडा बघतो, राजवाड्यात धावत येतो. तिथं उत्सव चाललेला. राजा विचारतो, काय बातमी. दूत म्हणतो, सगळं ठीक आहे, महाराज. पुढच्या वेळी तो येतो तेव्हा तट गेलेला असतो आणि युवराजही.

राजा तुम्ही. दूत मी.

सोमवारी आमचं रेस्टॉरंट बंद, म्हणून तालीम सोमवारी. वस्तीतल्या त्या समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर. बाकीचे सगळे लॅपटॉप, मीटिंगा, घराचे हप्ते यांतून उठून आलेले. मला त्यांच्यात बसायची धास्ती वाटायची. कुणी इंग्रजीत काही म्हणालं की मी हसायचो, कळलं नाही तरी. तुम्हाला ते दिसायचं. तुम्ही मला कधी सगळ्यांसमोर चुकलास म्हणाला नाहीत. घरी गेल्यावर माझं भाषण तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचात. सकाळी कणीक मळताना मी ते ऐकायचो. एकोणीस आहेत ती रेकॉर्डिंगं. अजून एकही परत लावलेलं नाही. हात जात नाही.

आणि ती सरकारी पत्रं. निळं पाकीट दारात पडलं की मी लगेच जोडे घालायचो. मी ते न फोडता घेऊन तुमच्याकडे यायचो. तुम्ही फोडायचात, वाचायचात, आणि मेधावहिनींना म्हणायचात, "अगं, संतोषला हॉलंडने पुन्हा प्रेमपत्र पाठवलंय." त्या चहा टाकायच्या. परमिटच्या वेळी आठ दिवस मला झोप नव्हती, तेव्हा तुम्ही अर्ज भरलात, सोबत आलात, खिडकीतल्या बाईशी डचमध्ये बोललात. बाहेर आल्यावर मी पाया पडायला वाकलो तर तुम्ही मला दंडाला धरून उभं केलंत. लोक बघतायत रे, म्हणालात. त्या दिवशी नीट आभार मानायचे राहिले. नंतरही राहिलेच.

आपलं भांडण एकच होतं आणि ते अजून मिटलेलं नाही.

तुम्ही म्हणायचात, ग्रीकांचा राजा वाईट नसतो. वाईट माणूस पडला तर टाळ्या वाजतात, नाटक होत नाही. तो चांगला असतो, कामाचा असतो, दहा वेळा बरोबर ठरलेला असतो. म्हणून अकराव्यांदा त्याला विचारावंसं वाटत नाही. त्याचा गर्व त्याच्या चांगल्या कामातूनच उगवतो. हे मला पटायचं. पण मी विचारायचो, आजूबाजूची माणसं काय करत होती. तुमच्या नाटकात गावातले आठ म्हातारे सतत स्टेजवर उभे. त्यांना सगळं दिसतंय. ते एकमेकांत कुजबुजतात, देवाचं नाव घेतात, राजाला एक शब्द नाही. तुम्ही म्हणालात, त्यांचं काम बघण्याचं. मी म्हटलं, आणि माझं? माझा दूत तडा बघून येतो आणि ठीक आहे म्हणतो. राजाने विचारलं होतं की. सांगायला काय झालं होतं?

"अरे, त्याने तिथंच सांगितलं तर पुढचं नाटकच होणार नाही," तुम्ही म्हणालात.

"मग न होऊ दे नाटक," मी म्हणालो.

सगळे हसले. तुम्हीही. पण घरी जाताना ट्राममध्ये तुम्ही विचारलंत, हे तुला एवढं का लागलं. तेव्हा मी तुम्हाला ते सांगितलं, जे इथं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी नववीत होतो. वडील नव्हते, घर माझ्या चुलत्यावर चालायचं. त्यांची मोटारसायकल मी रोज पुसायचो. एकदा पुसताना बघितलं, मागच्या ब्रेकची तार सुटत आलेली. चुलते घाईत होते. मी म्हटलं, काका, आज घाटाने जाऊ नका, पडाल. आजी कडाडली, निघताना शुभ बोल. काका गेले आणि घाटात पडले. मांडीचं हाड मोडलं, वर्षभर अंथरुणात. त्या दिवसापासून घरात, गल्लीत एकच, या पोराची जीभ काळी आहे. लग्न ठरवायला पाहुणे आले की मला मागच्या दाराने बाहेर पाठवायचे, न जाणो मी काही बोलेन. काका पडल्यावर घरात कमावतं कुणी नव्हतं, म्हणून मी शाळा सोडली आणि हायवेवरच्या ढाब्यात भांड्यांना लागलो. पण खरं सांगू, काम मिळालं नसतं तरी सोडली असती. बाईंनी प्रश्न विचारला तरी मी तोंड उघडायचो नाही. काय सांगावं, माझ्या तोंडून काय निघेल आणि कुणाचं काय होईल.

तुम्ही ऐकून घेतलंत. स्टेशन आलं तरी उठला नाहीत. मग म्हणालात, "संतोष, तुझी जीभ काळी नव्हती रे. ब्रेक खराब होता."

दादा, वीस वर्षांत मला हे कुणी म्हणालं नव्हतं. इतकं साधं वाक्य. मी तोंड फिरवून काचेकडे बघत बसलो. तुमचे माझ्यावरचे सगळे उपकार एका बाजूला आणि हे एक वाक्य दुसऱ्या.

म्हणून तर मला कळत नाही, की हे म्हणालेल्या माणसानेच मला पुन्हा गप्प का केलं.

तो सोमवार. नेपथ्यातल्या तटाच्या फळ्या खालून वर न्यायच्या होत्या. लिफ्ट बंद. आपण दोघंच लवकर आलो होतो. मी म्हटलं, बाकीचे येऊ देत. तुम्हाला धीर कुठला. स्वतः चिखलात उतरणारा राजा तुम्ही. तिसरी फळी अर्ध्या जिन्यात असताना तुम्ही ती कठड्याला टेकवलीत आणि पायरीवर बसलात. मला वाटलं, दम लागला. मग तुमचा चेहरा बघितला. राखेसारखा. कपाळावर घाम, आणि बाहेर तर स्वेटर घालायची थंडी. एक हात जबड्याला, दुसरा छातीवर मूठ करून. मी विचारलं तर म्हणालात, दाढ ठणकतेय. दाढेने माणूस छाती धरत नाही, एवढं मला शाळा न शिकताही कळतं.

मी फोन काढला. ॲम्ब्युलन्ससाठी एकशे बाराचे पहिले दोन आकडे दाबले सुद्धा. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात.

"ठेव. इथं राजा मी आहे."

आणि हसलात. मीही हसलो, दादा. त्या हसण्याचं मी काय करू आता?

दहाएक मिनिटं तुम्ही बसून होतात. मी पाणी आणलं. मग तुम्ही उठलात आणि सांगितलंत, मेधाला यातलं एक अक्षर नको, ती घर डोक्यावर घेईल. मी म्हटलं, निदान इथल्या फॅमिली डॉक्टरला दाखवा. तुम्ही म्हणालात, हाउसआर्ट काय करणार, पॅरासिटामॉल घ्या म्हणेल आणि दोन आठवड्यांनी फोन करायला सांगेल. हा विनोद आपण सगळेच करतो. आणि पुढचंही आपण सगळेच करतो: डिसेंबरात पुण्याला जातोच आहे, तिथं फुल बॉडी चेकअप करून घेतो, आधी प्रयोग होऊ दे. दात, गुडघा, डोळे, साखर, आपली सगळी दुखणी आपण अशीच बॅगेत भरून ठेवतो आणि विमानाची वाट बघतो. मला ते अगदी बरोबर वाटलं. मीही माझा खांदा दोन वर्षं तसाच साठवून ठेवलाय.

त्या दिवशी तालमीत तुम्ही गवंड्याला हद्दपार करायचा प्रसंग पूर्ण आवाजात केलात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कोपऱ्यात उभा राहून तुमच्या छातीकडे बघत होतो.

पुढच्या आठवड्यात कालव्यावरच्या पुलाचा चढ आला तेव्हा तुम्ही सायकलवरून उतरलात. चेन सैल झालीय म्हणालात. मी चेन बघितली. घट्ट होती.

मी का नाही सांगितलं? शब्द दिला होता म्हणून, असं मी आठ दिवस स्वतःला सांगितलं. मग वाटलं, जिभेच्या भीतीने; मी म्हणायचो दादांना हृदयाचं काही आहे आणि तसं व्हायचं. तेही खरं. पण सगळ्यात तळाशी एक लाजिरवाणी गोष्ट आहे. तुम्ही चिडाल, मला लांब कराल, सोमवार जाईल, आणि मी पुन्हा कुणाचाच नसेन, याची मला भीती वाटली. तुम्हाला गमावायची भीती नव्हती ती. तुमच्या नजरेतून उतरायची होती. आता कळतंय, राजाभोवतीचे आठ म्हातारे का गप्प असतात. त्यांना राजा आवडतो.

तुम्ही शनिवारी सकाळी गेलात. ब्रेड आणायला सायकलवर निघालात आणि कालव्याकाठच्या बाकापाशी पडलात. वहिनींचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "संतोष, दादा गेले. मंडळातल्या सगळ्यांना तू कळव. तुला जमेल."

मला जमलं. तीस-बत्तीस फोन केले. आवाज फुटला नाही, घाई केली नाही, तुम्ही शिकवलं तसं आधी नाव, मग काय झालं, मग थांबायचं. प्रत्येकाने थांबल्यावर तोच प्रश्न विचारला: काही होत होतं का त्यांना? आणि प्रत्येकाला मी म्हणालो, नाही, काही नव्हतं.

पहिल्या वेळी ते तोंडातून निघून गेलं. पण बत्तिसाव्या वेळी?

आपल्याकडे माणूस सकाळी गेला तर दुपारपर्यंत सगळं आटोपतं. विचार करायला वेळ मिळत नाही, तेच बरं असतं. इथं क्रेमॅटोरियमची वेळ मिळायला सहा दिवस. सहा दिवस तुम्ही त्या थंड खोलीत. मी रोज कामावर जायच्या आधी यायचो. एका खुर्चीवर बसायचो. तुमच्या अंगावर राजाच्या कामासाठी शिवलेला अंगरखा घालायचा का, असं कुणीतरी वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, नको, ऑफिसचा निळा शर्ट घाला, त्यात ते शहाण्यासारखे दिसतात. मी तुमच्या कानाशी म्हणून बघितलं, दादा, सांगू का? तुम्ही कधी नव्हे ते माझं बोलणं मध्येच तोडलं नाहीत.

मग तो हॉल, भटजींचं पंधरा मिनिटांत बसवलेलं सगळं, आणि नंतर इथल्या रीतीप्रमाणे कॉफी आणि केक. तुमचे डच सहकारी रांगेने येऊन वहिनींचा हात हातात घेत होते. वहिनी प्रत्येकाला सांगत होत्या, त्यांना काही त्रास झाला नाही, काही कळलंच नाही, एकदम गेले, हेच समाधान. मी शेजारी केकची बशी धरून उभा होतो. ते समाधान त्यांच्याकडे एकच उरलं होतं. ते मी काढून घ्यायचं?

मला वाटलं, आता नाहीच सांगायचं. गेलेला माणूस गेला. ज्याला वाचवायचं तोच नाही, तर कुणासाठी बोलायचं. जवळजवळ हायसं वाटलं मला, दादा. माफ करा.

दहाव्या दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरात पिठलं करत होतो. वहिनी आणि रेवा डॉक्टरकडून आल्या. तुम्ही ज्याची चेष्टा करायचात त्याच हाउसआर्टने आपणहून बोलावलं होतं. छप्पन्नाव्या वर्षी माणूस असा अचानक जातो, तेव्हा त्यांना मुलांची काळजी असते म्हणे. काही दुखणी रक्तातून उतरतात. त्याने विचारलं होतं, बाबांना चढ चढताना, ओझं उचलताना छातीत दुखायचं का, कधी चक्कर, कधी घाम. वहिनींनी सांगितलं, नाही, कधीच नाही. आणि रेवाला विचारलं, तुला काही? ती म्हणाली होती, नाही.

पण घरी आल्यावर बूट काढता काढता तिने आईला सांगितलं. रोइंगच्या सरावात दोनदा तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली होती. एकदा वल्हं हातातून सुटलं. वहिनींचा कोट काढणारा हात तिथंच थांबला. रेवा इंग्रजीत म्हणाली, इट्स नथिंग आई, जेवले नव्हते, आणि बाबांना तर काही त्रासच नव्हता ना, मग माझं वेगळंच असणार. परीक्षा होऊ दे, मग बघू.

परीक्षा होऊ दे, मग बघू.

मी पिठल्यात डाव फिरवत होतो. गुठळ्या झाल्या. मला एवढं कळलं, की ही पोरगी माझ्या गप्प बसण्यावर पाय ठेवून उभी आहे. तिला वाटतंय खाली फरशी आहे. आणि तरी, दादा, मी गॅस बंद केला, ताटं घेतली, लोणचं वाढलं आणि घरी गेलो. तुमच्या नाटकातल्या दूताला मी दोन वर्षं नावं ठेवली होती.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. माझ्या हातून मीठ दोनदा पडलं, मालक ओरडला. तुमचा राग आला. पहिल्यांदाच आला, आणि भरपूर आला. तुम्ही एवढे शिकलेले, जगाचे राजे कसे पडतात हे आम्हाला तोंडपाठ करून शिकवलंत, आणि स्वतःच्या जिन्यावर तुम्हाला ते दिसलं नाही? की दिसलं होतं? मला वाटतं, दिसलं होतं. धडा माहीत असणं आणि तो आपल्याला लागू आहे हे मान्य करणं, यात फार मोठं अंतर असावं. ते अंतर चालून जायला माणसाला दुसऱ्या माणसाने हात द्यावा लागतो. माझा हात फोनवर होता. तुम्ही त्यावर हात ठेवलात आणि मी तो ठेवू दिला. तुमचा गर्व आणि माझी भीती, दोघांनी मिळून केलं ते.

बाराव्या दिवशी दुपारी गेलो. वाटेत दोनदा ट्राममधून उतरलो आणि पुन्हा चढलो. दार वहिनींनी उघडलं. बस म्हणाल्या. मी उभाच राहिलो, बसलो असतो तर चहा आला असता आणि चहा आला असता तर मी बोललो नसतो.

"वहिनी, दादांना त्रास होत होता. मला माहीत होतं."

त्यांनी विचारलं, कधी. मी सांगितलं. जिना, फळ्या, घाम, जबडा, मूठ, दहा मिनिटं. पूल. चेन. एकेक विचारत गेल्या, एखाद्या परक्या माणसाची चौकशी करावी तशा. रंग कसा झाला होता. श्वास लागला होता का. शुद्ध गेली होती का. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या सगळं लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"तीन आठवडे तू माझ्या हातचा चहा पीत होतास, संतोष."

मी कॅलेंडरवरच्या त्यांच्या अक्षरांकडे बघितलं.

"जा आता," त्या म्हणाल्या. "मला तुझ्यावर ओरडायचंय आणि आज माझ्यात ताकद नाही."

रेवा जिन्यावर बसून ऐकत होती. मला दारापर्यंत सोडायला आली. तुम्हाला माहीतच आहे, मी मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं तसंच चालतं. पण दारात ती थांबली आणि शब्द शोधत शोधत मराठीत म्हणाली, "बाबा घाबरले होते का?"

मला नाही म्हणायचं होतं. तुम्ही विनोद केलात, राजासारखे उठलात, पूर्ण आवाजात तालीम केलीत, हे सांगितलं असतं तर तिला अभिमान वाटला असता. पण माझ्या हातावर तुमचा हात होता, दादा. तो थरथरत होता. हे मी वहिनींनाही सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "खूप घाबरले होते."

तिने रॅकवरचा एक तिरका बूट सरळ केला. मग म्हणाली, "ओके. मग मी पण घाबरले तर चालेल."

तिने तिथंच उभं राहून डॉक्टरच्या ऑफिसला फोन लावला. परीक्षेबद्दल काही बोलली नाही.

हे लिहू का, असं मी वहिनींना मेसेज करून विचारलं. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग आलं: लिही, पण देवमाणूस वगैरे लिहू नकोस. म्हणून लिहिलं नाही. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. कधी बोलतील की नाही, माहीत नाही. सोमवारी मी समाजमंदिराच्या रस्त्याने जात नाही. नाटकाचं काय करायचं, हे मंडळ ठरवेल.

काल संध्याकाळी त्यांचा दुसरा मेसेज आला: रेवाला हॉस्पिटलात मंगळवारी सव्वानऊला बोलावलंय. हृदयाच्या डॉक्टरांना बाबांची लक्षणं जशी होती तशी ऐकायची आहेत. मी लिहून घेतलंय, पण मी पाहिलेलं नाही, तू पाहिलंयस. तू ये. रेवा भाषांतर करेल.

मी मालकाकडे सुट्टी मागितली आहे. त्या तपासणीत काय निघेल, ही भीती आहे. काहीच निघालं नाही तर वहिनींचं समाधान मी उगाच मोडलं, हीही आहे. आणि निघालं तर. पुढचं मला लिहवत नाही.

सांगताना कुठून सुरुवात करायची, हे मात्र मी ठरवलंय, दादा. तुमचा हात थरथरत होता, तिथून.

तुमचा,
संतोष